मटारातली साखर आणि पाल्याची रात्र

जबलपूर जिल्ह्यात हिवाळ्यात मटाराची शेते फुलाशेंगांनी भरलेली असतात, आणि त्याच दिवसांत पाल्याची, म्हणजे पानांवर दव गोठण्याची धास्ती असते. 'मटार गोड असतो, साखरेमुळे त्याचा रस गोठत नाही', हा दिलासा अर्धाच खरा आहे. विरघळलेल्या पदार्थामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो हे निश्चित. प्रश्न आहे, किती?

हिशेब सोपा आहे. पदार्थाचे मोल किती ते काढायचे, त्याला पाण्याच्या किलोंनी भागायचे आणि पाण्याच्या 1.86 या स्थिरांकाने गुणायचे. बरेच विद्यार्थी इथे संपूर्ण द्रावणाचे वजन घेतात. भागायचे ते फक्त पाण्याच्या वजनाने.

दुसरा गैरसमज वजनाचा. एक किलो पाण्यात 100 ग्रॅम साखर घातली, तर रेणुभार 342 असल्याने जेमतेम 0.29 मोल होतात आणि गोठणबिंदू सुमारे 0.54 अंश उतरतो. तेवढ्याच मिठाचे, 58.5 ने भागून, 1.71 मोल होतात. शिवाय प्रत्येक एककातून सोडियम आणि क्लोराइड असे दोन कण सुटतात, म्हणून उत्तराची दुप्पट करायची: जवळजवळ 6.4 अंश. प्रत्यक्षात घट थोडी कमी, 6 अंशांच्या आसपास भरते, कारण आयन एकमेकांना ओढतात. हे सूत्र विरळ द्रावणांसाठीच चोख आहे. गोडी-खारटपणाचा इथे काही संबंध नाही, मोजायचे ते कण. मीठ वाढवत गेले की गोठणबिंदू उतरतच जाईल, असेही नाही. वजनाने सुमारे 23 टक्के मीठ झाले की उणे 21 अंशांवर तळ लागतो.

आता मटाराकडे येऊ. पेशीरसात दर किलो पाण्यामागे सगळे मिळून अर्धा मोल कण धरले, तर घट 0.93 अंश. एवढेच संरक्षण! निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पाने आपली उष्णता आकाशाकडे फेकतात आणि माणसाच्या उंचीवरच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतात. तापमापी 3 अंश दाखवत असताना पानांवर बर्फ दिसतो तो यामुळे. हा बर्फ बहुधा पेशींच्या बाहेरच्या फटींत धरतो आणि पेशींतले पाणी ओढून घेतो. कोवळ्या शेंगा आणि फुले त्यात आधी जातात.

म्हणून पाल्याचा अंदाज असेल तेव्हा संध्याकाळी हलके पाणी द्यायला हवे. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री ती हळूहळू वर सोडते.