जें खरोखर वाचलें

‘सध्यां काय वाचतां?’ हा प्रश्न सुशिक्षित मंडळींत कुशलप्रश्नासारखा विचारला जातो आणि त्याचें उत्तर बहुधा अर्धसत्य असतें. मीही आजवर टॉलस्टॉयची ‘युद्ध आणि शांति’ पुढें करीत आलों. वस्तुतः ती मीं तीन वेळां आरंभिली आणि तिन्ही वेळां पहिल्याच संध्यासमारंभावरून परत फिरलों. आज मात्र अलीकडे जें खरोखर वाचलें त्याचाच प्रांजळ जमाखर्च वाचकांपुढें मांडावयाचें योजिलें आहे. त्यांत चित्रकथाही आहेत, हें आधींच कबूल करितों.

लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ नुसतीं चाळण्याच्या हेतूनें हातीं घेतलीं; पण रात्रीचे दोन वाजले तरी पुस्तक खालीं ठेववेना. वडिलांचें सोवळ्याचें वेड, पतीचें 1895 सालचें धर्मांतर, त्यानंतरचा वियोग, इतकें सोसूनही बाईंच्या लेखणीस कडवटपणा शिवला नाहीं. शाळेचें तोंड न पाहिलेल्या स्त्रीचें हें गद्य वाचून आम्हां पदवीधरांनीं आपलें लिखाण पुन्हां तपासावें.

‘श्यामची आई’विषयीं लिहितांना मात्र लेखणी अडखळते. साने गुरुजींनीं 1933 सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या या पुस्तकानें लहानपणीं मला मनसोक्त रडविलें. यंदां अश्रूंचें प्रमाण अंमळ अधिक वाटलें, आणि तसें वाटल्याबद्दल अपराध केल्यासारखेंही वाटलें. परंतु आईच्या अखेरच्या दुखण्याचीं पानें आलीं आणि माझ्यांतला टीकाकार मुकाट्यानें उठून गेला.

आतां चित्रकथा. अमेरिकन लेखक ली फॉक यांचा ‘फँटम’ 17 फेब्रुवारी 1936 रोजीं वर्तमानपत्रांतून अवतरला. 1964 सालीं सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सनें त्याला आपल्याकडे घरोघर पोंचविलें आणि मराठींत तो वेताळ झाला. नांव मोठें नामी! वेताळपंचविशी ऐकलेल्या घरांत त्याची निराळी ओळख करून द्यावी लागली नाहीं. बालपणीं कवटीच्या गुहेंतील हा मुखवटाधारी मला कित्येक देवांहून जवळचा होता. परवां जुने अंक काढले, तों मौज कमी आणि शंकाच अधिक! एकवीस पिढ्या एका गोऱ्या घराण्यानेंच अरण्य राखावें आणि अरण्यांतील माणसांनीं भक्तिभावानें नुसतें पाहत राहावें, हें कसें? इकडील संपादकांनाही कांहीं तरी खुपलें असावें. मूळच्या ‘बंगाला’ प्रदेशाचें त्यांनीं ‘डेंकाली’ केलें, ‘सिंग’ चांच्यांचे ‘सिंगा’ केले. नांवें बदललीं, मांडणी तीच राहिली. तरीही हातांतला अंक संपविल्यावांचून मीं ठेवला नाहीं. भाचा तो गठ्ठा मागत आहे. अद्याप दिलेला नाहीं.

सुपरमॅनच्या 1938 सालच्या पहिल्या कथा अगदींच अनपेक्षित निघाल्या. हा गृहस्थ त्या वेळीं आकाशांत उडतच नाहीं, केवळ लांब उड्या मारतो. जग वांचविण्याचाही त्याला ध्यास नाहीं. बायकोला मारणारा नवरा आणि मजुरांच्या जिवाची पर्वा न करणारा खाणीचा मालक, यांना तो धडा शिकवितो. चित्रें ओबडधोबड आहेत. पण मंदीच्या वर्षांतील दोन गरीब तरुणांचा राग त्यांत सरळ उतरला आहे. लेखक जेरी सीगेल याच्या वडिलांचें क्लीव्हलंड येथें कपड्यांचें दुकान होतें. 1932 सालीं तेथें चोरी झाली आणि त्याच प्रसंगीं ते हृदय बंद पडून गेले. गोळीलाही न जुमानणाऱ्या नायकाशीं या मृत्यूचा संबंध कांहीं अभ्यासक जोडतात. सिद्ध करतां न येणारा हा तर्क आहे, तरी मला तो पटतो.

पण तो नायक आपल्या जनकांच्या कामीं आला नाहीं. सीगेल आणि चित्रकार जो शुस्टर यांनीं त्याचे सर्व हक्क 130 डॉलरांस विकले होते. पुढें कोर्टकचेऱ्या झाल्या, हार झाली. 1975 सालीं वर्तमानपत्रांतून ओरड झाली, तेव्हां कुठें कंपनीनें दोघांना वर्षाला प्रत्येकीं 20,000 डॉलर देऊं केले आणि कथेवर त्यांचीं नांवें पुन्हां छापण्याचें मान्य केलें. शुस्टरची दृष्टि तोंवर जवळजवळ गेली होती. त्या पहिल्या अंकाची एक प्रत 2024 सालीं लिलांवांत 60 लक्ष डॉलरांस विकली गेली.