साखरलेली काच

लाडवाचा पाक जरा पुढे गेला की कडेला साखरेचे कण धरू लागतात आणि पाहता पाहता सगळा पाक साखरतो. तीच साखर झटकन थंड झाली तर लिमलेटच्या गोळीसारखी पारदर्शक होते. संथपणे थिजू दिली तर खडीसाखर. साखर एकच, पण आतल्या कणांना रांगेत बसायला वेळ मिळाला की नाही, यावर सगळे अवलंबून.

काचेचेही असेच आहे. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळवून तो रस लवकर थंड केला की आतले अणू रांग धरण्याआधीच थिजतात. कन्नडात आपण जिला ‘गाजु’ म्हणतो ती हीच काच. तो शब्दही ‘काच’ या संस्कृत शब्दाचाच तद्भव. हा रस भट्टीत रेंगाळला तर त्यात स्फटिक धरतात, काच धुरकट होते आणि सहज तडकते. म्हणून काच साखरणे हा कारागिरांच्या दृष्टीने दोषच होता. गेल्या सत्तर वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी याच दोषाला कामाला लावले आहे.

भट्टी तापली आणि...

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात कॉर्निंग नावाची काच कंपनी आहे. तिथले संशोधक डोनाल्ड स्टूकी यांनी १९५३ साली काचेची एक पट्टी भट्टीत ठेवली. उष्णता ६०० अंश सेल्सिअसवर ठेवायची होती. पण यंत्रातल्या बिघाडामुळे ती ९०० अंशांवर गेली. पट्टीचा चिखल झाला असेल, असे त्यांना वाटले. दार उघडले तर पट्टी आकार न बदलता दुधासारखी पांढरी झालेली. चिमट्याने बाहेर काढताना ती निसटून जमिनीवर पडली, पण फुटली नाही. धातूची पट्टी पडावी तसा आवाज झाला.

त्या काचेत चांदीचे अतिसूक्ष्म कण होते. दुधाला विरजण लागावे तसे त्या कणांभोवती सगळीकडे एकाच वेळी स्फटिक धरले. मोजके मोठे स्फटिक काचेला कमजोर करतात. पण असंख्य बारीक स्फटिक दाटीने बसले की तड्याची वाट अडते. या पदार्थाला ‘ग्लास-सिरॅमिक’ म्हणतात. १९५८ मध्ये त्याची भांडी ‘कॉर्निंग वेअर’ या नावाने बाजारात आली.

पुढे असे स्फटिक सापडले की जे तापल्यावर फुगण्याऐवजी किंचित आक्रसतात. उरलेली काच फुगते, स्फटिक आक्रसतात आणि दोन्हींची वजाबाकी जवळजवळ शून्य होते. एक भाग गरम आणि दुसरा गार असला तरी ताण येत नाही, म्हणून तडाही जात नाही. चांगल्या इंडक्शन शेगडीचा वरचा गुळगुळीत तक्ता याच जातीचा असतो. नैनितालजवळ देवस्थळ येथे २०१६ मध्ये सुरू झालेल्या ३.६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीचा मुख्य आरसाही ग्लास-सिरॅमिकचाच आहे. थंडी-उन्हाने आरसा फुगला तर तारे धूसर दिसतील, म्हणून ही निवड. दंतवैद्य दातावर जी पांढरी टोपी बसवतात, तीही आज बरेचदा लिथियमयुक्त ग्लास-सिरॅमिकची असते.

गृहिणींनी एक लक्षात ठेवावे. ओव्हनमध्ये चालणारे प्रत्येक काचेचे भांडे ग्लास-सिरॅमिकचे नसते. बोरोसिलिकेट काच साध्या काचेपेक्षा उष्णता पुष्कळ सोसते, पण फ्रीजमधून काढून थेट ओव्हनमध्ये ठेवली तर तीही फुटू शकते. इंडक्शनच्या तक्त्याला तडा दिसला तर भिंतीवरचे बटण बंद करावे आणि ती शेगडी दुरुस्तीपर्यंत वापरू नये. सांडलेले पाणी आतल्या विजेपर्यंत जाऊ शकते.

कण लहान, रंग वेगळा

मग शास्त्रज्ञांनी विचारले, स्फटिक आणखी लहान केले तर? लेनिनग्राडमध्ये (आजचे सेंट पीटर्सबर्ग) अलेक्सी एकिमोव्ह यांनी काचेत तांब्याचे क्लोराइड घालून ती कमी-जास्त तापवली. आतले स्फटिक काही काचांत २ नॅनोमीटरचे, तर काहींत ३० नॅनोमीटरपर्यंतचे झाले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १९८१ मध्ये त्यांनी दाखवून दिले की पदार्थ तोच असला तरी कण जितका लहान, तितका तो निळ्या बाजूचा प्रकाश शोषतो. या कणांना ‘क्वांटम डॉट’ हे नाव मिळाले. एकिमोव्ह, लुई ब्रूस आणि मौंगी बावेंडी या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल याच कामासाठी मिळाले.

असे कितीतरी कण प्रकाश शोषून पुन्हा दुसऱ्या रंगात सोडतात. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. ती घरीही पाहता येते. चिमूटभर हळद अल्कोहोल असलेल्या सॅनिटायझरमध्ये विरघळवा आणि अंधारात नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. हिरवट-पिवळी चमक दिसेल. (दिव्याकडे थेट पाहू नये, सॅनिटायझर आगीपासून दूर ठेवावे.)

पाण्याचा पहारेकरी

या चमकीचा उपयोग पाणी तपासायला होऊ शकतो. कणाच्या पृष्ठभागावर पारा किंवा शिशाचा अणू येऊन चिकटला की शोषलेली ऊर्जा दुसरीकडे वळते आणि चमक मंदावते. ती किती मंदावली यावरून धातूचे प्रमाण काढता येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात पारा ०.००१ मिलिग्रॅम आणि शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. इतके सूक्ष्म प्रमाण डोळ्याला दिसत नाही आणि जिभेलाही कळत नाही.

पुष्कळ क्वांटम डॉटमध्ये विषारी कॅडमियम असते, म्हणून आता कार्बनच्या कणांवर भर आहे. हे चमकणारे कार्बन-कण २००४ मध्ये काजळीतून सापडले. २०१२ मध्ये ते संत्र्याच्या रसापासूनही तयार झाले. पण प्रयोगशाळेतले स्वच्छ पाणी वेगळे आणि आपल्या बोअरवेलचे वेगळे. बोअरवेलच्या पाण्यातल्या लोहानेही अनेक कार्बन-कणांची चमक मंदावते. मग दोष शिशाचा की लोहाचा? ज्याची बाधा आहे त्यालाच ओळखणारा कण घडवणे, हे आजच्या संशोधनाचे खरे कोडे आहे.

म्हणून चमकणारी पट्टी दाखवून कोणी पाणी शुद्ध असल्याची हमी देऊ लागला, तर ती कोणता धातू, किती प्रमाणापर्यंत ओळखते आणि लोह असताना काय होते, हे आधी विचारावे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण शिसे, पारा किंवा फ्लोराइड जात नाहीत. वाफ गेल्यावर उलट त्यांचे प्रमाण वाढते. बोअरवेलच्या पाण्याबद्दल शंका असेल तर नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावा. घरात लहान मूल असेल तर हे काम पुढे ढकलू नये, कारण शिशाची बाधा वाढत्या मेंदूला सर्वांत जास्त होते.