मी इथे आहे! रेडिओवरून कळणारा ठावठिकाणा



डोंगराकडे सरपणाला गेलेली बाई अंधार पडला तरी परतली नाही, की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. फोन लागत नाही. तेव्हा एकच प्रश्न असतो, ती आहे कुठे? या प्रश्नाचं उत्तर रेडिओवरून कसं मिळू शकतं, ते आज बघू.

तुम्ही आत्ता ऐकताय तो रेडिओ एकतर्फी आहे. आम्ही बोलतो, तुम्ही ऐकता. हॅम रेडिओ, म्हणजे हौशी रेडिओ, दुतर्फी असतो. तो चालवायला सरकारचा परवाना लागतो. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद अंदमानात पोर्ट ब्लेअरला असंच केंद्र चालवत होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले. तेव्हा त्यांच्या रेडिओवरून बेटांवरचे निरोप बाहेर गेले. एका बाईच्या हातातला रेडिओ असा कामी आला.

ते निरोप तोंडी होते. पण हाच रेडिओ न बोलताही ठिकाण सांगू शकतो. या पद्धतीला एपीआरएस म्हणतात. अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या बॉब ब्रुनिंगा यांनी ती उभी केली.

ती चालते कशी? रेडिओला जीपीएस जोडलेलं असतं. ते उपग्रहांचे संदेश घेऊन आपण कुठे आहोत ते काढतं. मग रेडिओ एक छोटासा निरोप सोडतो. त्यात आपली ओळखखूण असते, म्हणजे परवान्यावरचं नाव. भारतात ते बहुधा ‘व्हीयू’ अक्षरांनी सुरू होतं. सोबत ठिकाण असतं. कानाला नुसती खरखर ऐकू येते आणि क्षणात निरोप जातो. काही मिनिटांनी पुन्हा नवा.

या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. म्हणून उंचावर एक यंत्र ठेवतात. ते निरोप ऐकतं आणि तसाच पुढे सोडतं. एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीला हाळी द्यावी, तसंच.

आता शेवटचा टप्पा. कुणा हौशी माणसाच्या घरावर अँटेना असते, घरात रेडिओ आणि इंटरनेट. हे घर ऐकलेला निरोप इंटरनेटवर चढवतं. याला आयगेट म्हणतात, म्हणजे वेस. वेशीबाहेर गेलेला निरोप मग दूरच्या शहरातही नकाशावर ठिपका होऊन दिसतो.

इंटरनेट बंद पडलं तर? दूरचा नकाशा थांबतो, पण जवळपासच्या रेडिओंना निरोप ऐकू येतच राहतो. पुरात, वादळात ह्याचाच आधार. मात्र आसपास ऐकणारं यंत्रच नसेल, तर ठिपका उमटणार नाही. म्हणून कुठे जातोय आणि कधी परतणार, हे घरी सांगून निघणं सोडायचं नाही.

आणखी एक गोष्ट नीट ऐका. हॅम रेडिओवर गुपित चालत नाही. तुमचा ठिपका नातेवाइकांना दिसतो, तसाच अनोळखी माणसालाही दिसतो. रोजची वाट, घर, एकटी असण्याची वेळ, सगळं त्यातून कळू शकतं. म्हणून गरज नसेल तेव्हा यंत्र बंद ठेवा. नेमकं ठिकाण न देता ढोबळ ठिकाण पाठवायचीही सोय असते. आपला ठावठिकाणा कुणाला सांगायचा, हे आपणच ठरवायचं. घरातल्या कुणी तुमच्यावर पाळत ठेवण्यासाठी यंत्र हातात दिलं, तर ती मदत नव्हे.

हा रेडिओ धंद्यासाठी वापरता येत नाही. गटाचा पापड-मसाल्याचा टेम्पो कुठे पोहोचला, ते बघायला फोनच बरा. पण शिकायची हौस असेल, तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. गटातल्या दोघी-तिघींनी मिळून अभ्यास केला, तर एकमेकींना निरोप देऊन सरावही होईल.

पुढच्या बैठकीत एवढंच बोला: पूर आला आणि फोन बंद पडले, तर आपल्या गावाची खबर बाहेर कोण पोहोचवेल?