पियानोचें दान आणि त्याचा चारा

आमचा गवई मैफलीस निघाला कीं तंबोऱ्यांची जोडी गवसणींत घालून बरोबर घेतो. पियानो वाजविणारा बिचारा रिकाम्या हातांनीं येतो. त्याचें वाद्य नऊ फुटांच्या घरांत लांब, वजनानें सुमारें ४८० किलो; पट्ट्या ८८, आंत तारा दोनशेंच्या वर, आणि त्या सर्वांचा मिळून ताण वीस टनांच्या आसपास. असलें धूड घेऊन गांवोगांव कोण हिंडणार? तेव्हां ज्या नाट्यगृहांत तो जाईल, तेथें उभें असेल तें वाद्य हेंच त्याचें नशीब.

हें नशीब कसें फिरतें पाहा. २४ जानेवारी १९७५ रोजीं जर्मनींतील कोलोनच्या ऑपेरागृहांत कीथ जॅरेट या अमेरिकन वादकाचें एकट्याचें वादन ठरलें होतें. व्यवस्था करणारी व्हेरा ब्रांडेस अवघी अठरा वर्षांची. मागितला होता मोठा ब्योसेनडॉर्फर. रंगमंचावर निघाला तालमीचा लहान पियानो, वरचे सूर किरटे, पेडल नीट चालत नव्हतें. जॅरेट परत निघाला. मुलीनें गळ घातली, सूर लावणाऱ्यांनीं जमेल तितकी डागडुजी केली, आणि वादन झालें. त्याची ध्वनिमुद्रिका जगभर खपली. तेव्हांपासून 'अडचणींतूनच कला फुलते' असें तात्पर्य लोक त्यावरून काढतात. आम्हांस तें पटत नाहीं. एखादा मुलगा रस्त्यावरच्या दिव्याखालीं अभ्यास करून पहिला आला, म्हणून शाळेंतले दिवे कोणी काढून नेत नाहीं!

इंग्लंडांत कित्येक लहान गांवीं सभागृहाच्या पियानोसाठीं गांवकरीच धर्मादाय निधि उभारतात. ८८ पट्ट्यांपैकीं एकेक पट्टी देणगीदाराच्या नांवें लावून वर्गणी घ्यावयाची, अशी तेथें चाल आहे. युक्ति चांगली आहे. पण पट्ट्या भरल्या, वाद्य आलें, म्हणजे काम झालें असें नव्हे.

आम्ही ज्या शाळेंत शिकवीत होतों, तेथें एका गृहस्थांनीं मोठ्या समारंभानें हार्मोनियम दिली. पितळी पाटी लागली, हारतुरे झाले. तिसऱ्या पावसाळ्यांत उंदरांनीं भाता कुरतडला आणि निम्मे सूर मुके झाले. दुरुस्तीचे पैसे कोणत्या खात्यांतून द्यावयाचे, हें ठरण्यापूर्वींच आम्ही सेवानिवृत्त झालों. तोंवर मुलींनीं प्रार्थना सुराच्या आधारावांचूनच म्हटली. कपाटाची किल्ली आमच्याकडे असे, तेव्हां त्या दोषांत आमचाही वाटा आहेच.

वाजश्रवसानें यज्ञांत ज्या गाई दिल्या, त्यांचें पाणी पिणें, गवत खाणें, दूध देणें सारें संपलेलें होतें, आणि तें पोरवयाच्या नचिकेत्याला सललें, ही कथा वाचकांस ठाऊकच आहे. घरांत अडचण झालेला जुना पियानो 'दान' करणाऱ्यांस ती तंतोतंत लागू पडते. तरी जुने पियानो देऊनही ज्यानें चाऱ्याची सोय केली, असा एक मनुष्य आम्हांस माहीत आहे.

बेंजामिन ट्रुहाफ्ट हा कॅलिफोर्नियांतला पियानोचे सूर लावणारा कारागीर. तो क्यूबांत गेला, तेव्हां तेथील संगीतशाळांची दशा त्यानें पाहिली. १९९१ सालीं सोव्हिएट संघ मोडला आणि तिकडून येणारे पियानो व सुटे भाग बंद झाले. अमेरिकेची व्यापारबंदी तर १९६२ पासूनचीच. त्यांत समुद्राची दमट हवा आणि वाळवी. तारा गंजल्या, लांकूड पोखरलें. ट्रुहाफ्टनें परत येऊन लोकांकडे पियानो मागितले. अमेरिकेच्या व्यापार खात्यानें परवाना दिला, पण अट घातली कीं या पियानोंचा उपयोग छळ करण्याकडे होतां कामा नये! (शेजारीं पहांटे सराव सुरू होतो, तेव्हां ही अट आम्हांस अगदींच निरर्थक वाटत नाहीं.) १९९५ पासून पुढें दोनशेंहून अधिक पियानो हवानाकडे गेले. त्यांतले बहुतेक घरगुती, मोठ्या रंगमंचास न शोभणारे. परंतु त्यांच्या पाठोपाठ तारा गेल्या, हत्यारें गेलीं, आणि मुख्य म्हणजे सूर लावणारे गेले. त्यांनीं तेथील तरुणांस हें काम शिकविलें. विनापरवाना प्रवासाबद्दल सरकारनें ट्रुहाफ्टला दंडाचा धाक घातला, तरी त्यानें जाणें सोडलें नाहीं.

मुंबईची, पणजीची हवा हवानाहून फारशी निराळी नाहीं. आमच्याकडे कोणी सभागृहाच्या पियानोसाठीं निधि काढील, तर आम्हीही एका पट्टीपुरती वर्गणी देऊं. पैसे हातांत ठेवण्यापूर्वीं मात्र चिटणिसांस विचारूं, कीं सूर लावणाऱ्यास वर्षांतून किती वेळां बोलावणार, आणि त्याचा खर्च कोणत्या खात्यांत धरला आहे?