ई-२०: इथेनॉल २० टक्के, कार्बनबचत ९ टक्के

पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २०१४ साली जेमतेम दीड टक्का होते. २०२२-२३ च्या पुरवठा वर्षात ते १२.१ टक्के, पुढच्या वर्षी १४.६ टक्के झाले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. धुरातला कार्बन मात्र त्या प्रमाणात घटलेला नाही.

एक लिटर पेट्रोल जळले की २.३१ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, एक लिटर इथेनॉल जळले की १.५१ किलो. म्हणजे ई-२० च्या लिटरमागे २.१५ किलो, ७ टक्के कमी. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. ई-२० च्या लिटरमध्ये तीही जवळपास ७ टक्केच कमी भरते. तेवढेच अंतर कापायला इंधन जास्त लागते आणि सायलेन्सरमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड होता तेवढाच राहतो.

बचत होते ती उसाच्या फडात, कारण इथेनॉलमधला कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो. नीती आयोगाच्या अभ्यासानुसार, शेतापासून इंजिनापर्यंतचा हिशेब धरला तर पेट्रोलच्या तुलनेत उसाच्या इथेनॉलचे हरितगृह वायू ६५ टक्के कमी, मक्याच्या इथेनॉलचे ५० टक्के कमी. ई-२० मधल्या ऊर्जेत इथेनॉलचा वाटा १४ टक्के. म्हणून किलोमीटरमागची बचत उसावर ९ टक्के, मक्यावर ७. आणि २०२३-२४ मध्ये देशातले निम्म्याहून अधिक इथेनॉल धान्यापासून आले.

शहराच्या हवेला फायदा थेट मिळतो. आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार ई-२० वर दुचाकींचा कार्बन मोनॉक्साइड ५० टक्के, चारचाकींचा ३० टक्के घटतो. उलट दुचाकींचे नायट्रोजन ऑक्साइड १० टक्के वाढतात, अ‍ॅसिटाल्डिहाइडही वाढते.

दुष्काळात पाण्यासाठी तरसलेल्या लातूरसाठी सर्वांत जड आकडा पाण्याचा आहे. त्याच आराखड्यात उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी धरले आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे ५ लाख लिटर घेऊन लातुरात आली. तेवढ्या पाण्यात इथेनॉल होते १७५ लिटर, म्हणजे ८७५ लिटर ई-२० पुरते. मळीपासून इथेनॉल केले तर यातले बरेचसे पाणी साखरेच्या खात्यावर टाकता येते. थेट रसापासून केले तर सगळे इथेनॉलच्याच. ६५ टक्क्यांच्या आकड्यात हे पाणी धरलेले नाही. लातूरच्या मांजरा नदीखोऱ्यात पाण्याचा हिशेब आधी मांडावा लागेल.