हाकेवरून हजेरी

दुर्गच्या मोहन नगरातल्या मराठी घरांना दुर्ग-भिलाईवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ ओळखीचा असतो तो पश्चिमेच्या बाजूने: नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव, धुळे. उलट दिशेला हाच रस्ता रायपूर ओलांडून बसना आणि सरायपालीकडे जातो. या बसना-फुलझर मुलखात १८७२ मध्ये एफ. आर. ब्लूइट यांना एक छोटे घुबड मिळाले. ॲलन ह्यूम, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम, यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला ब्लूइट यांचे नाव दिले. मराठीत या पक्ष्याला रानपिंगळा म्हणतात.

पुढच्या बारा वर्षांत मोजकेच नमुने मिळाले. शेवटचा १८८४ मध्ये खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी मिळवला. त्यानंतर रानपिंगळा जणू नाहीसाच झाला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात मात्र आणखी एक नमुना होता. तो १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळाला, असे त्याला बांधलेली चिठ्ठी सांगत होती. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्या कातड्याची क्ष-किरणांसह बारकाईने तपासणी केली. कातडे डेव्हिडसन यांच्या पद्धतीने तयार केलेले होते; म्हणजे संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी नव्या चिठ्ठीखाली वावरत होता. हा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. मेलेल्या पक्ष्याची जागा आणि तारीख चिठ्ठीच सांगते. चिठ्ठी खोटी निघाली की शोध घेणारे भलत्याच रानात फिरतात.

नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबॉट यांना आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिवंत रानपिंगळा दिसला. मधली ११३ वर्षे त्याची एकही खात्रीची नोंद नव्हती. गावाशेजारच्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात. रानपिंगळ्याचे डोके जवळपास बिनठिपक्यांचे, शेपटीवर ठळक पट्टे आणि पोटाचा मधला भाग पांढरा. तो सागाच्या विरळ जंगलात राहतो आणि घुबड असूनही दिवसा शिकार करतो.

रंगरूप कातड्यांवरून माहीत होते, पण आवाजाचे ध्वनिमुद्रण कुठेच नव्हते. रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी त्याच्या आवाजांचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध केले आणि शोधाची तऱ्हा बदलली. मुद्रित हाक जंगलात वाजवायची आणि उत्तर येते का ते ऐकायचे, अशी सर्वेक्षणे सुरू झाली. मेळघाटात रानपिंगळा आढळला. २०१४ मध्ये तर मुंबईच्या पाणलोटातल्या तानसा अभयारण्यातही सापडला. नव्या नोंदी वाढत गेल्या आणि २०१८ मध्ये जागतिक लाल यादीत त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा एक पायरी सुधारला.

हाक वाजवण्याला मर्यादा आहेत. पक्ष्याला वाटते, हद्दीत परका शिरला. तो अंडी-पिल्ले सोडून धावून येऊ शकतो. शिवाय माणूस एका जागी थांबून थांबणार किती? यावर उपाय म्हणजे झाडाला बांधून ठेवायचा स्वयंचलित ध्वनिमुद्रक. ऑडिओमॉथ नावाचे बहुप्रचलित यंत्र काड्यापेटीहून थोडेच मोठे असते. त्यात तीन पेन्सिल सेल आणि एक मेमरी कार्ड बसते. सेकंदाला ३,८४,००० नमुने घेण्याची त्याची क्षमता असल्याने माणसाला ऐकू न येणारे वटवाघळांचे आवाजही ते टिपते.

खरी कसोटी वेळापत्रक ठरवताना लागते. सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक १६ बिटांचा, असा हिशेब धरला तर तासाला सुमारे ३४५ एमबी आणि दिवसाला ८ जीबीहून अधिक जागा लागते. म्हणून यंत्र सहसा सतत न चालवता ठरावीक अंतराने काही मिनिटे चालू ठेवतात. त्या वेळाही प्राणी पाहून निवडाव्या लागतात. घुबड म्हणजे रात्र, असे समजून फक्त अंधाराची वेळ लावली, तर रानपिंगळ्याच्या सकाळच्या हाका हातच्या जातील.

महिन्याभराचे ध्वनिमुद्रण कानांनी ऐकणे अशक्यच. संगणक आवाजाचे चित्र काढतो: आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर कंपनसंख्या. प्रत्येक हाकेची रेघ वेगळी उमटते आणि बर्डनेटसारखी प्रणाली तीन-तीन सेकंदांचे तुकडे तपासून पक्ष्याचे नाव सुचवते. पण भृंगराज कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, त्यामुळे यंत्राने सुचवलेले नाव जाणकाराने ऐकून पक्के करावे लागते. रेकॉर्डर गप्प राहिला म्हणून पक्षी तिथे नाहीच, असेही म्हणता येत नाही.

काही वेळा आवाज जातीपुरता न थांबता एकेका प्राण्यापर्यंत पोहोचवतो. सौगत साधुखान, बिलाल हबीब आणि सहकाऱ्यांनी भारतीय लांडग्यांच्या आरोळ्या तपासल्या. त्यांच्या २०२१ च्या शोधनिबंधानुसार ही आरोळी सहा किलोमीटरहून दूर टिपता येते. पाच लांडग्यांच्या ४९ आरोळ्यांवर तयार केलेल्या पद्धतीने कोणती आरोळी कोणाची हे ९८ टक्के अचूक ओळखले. नव्या चार लांडग्यांच्या २० आरोळ्यांवर अचूकता ७५ टक्क्यांवर आली. माळरानावर एकच लांडगा पुन्हा पुन्हा मोजला जाऊ नये, यासाठी अशी ओळख मोलाची आहे.

छत्तीसगडशेजारच्या मंडला जिल्ह्यात पूजा चोक्सी आणि सहकाऱ्यांनी घाणेरीची झुडपे काढलेल्या आणि न काढलेल्या जंगलांत रेकॉर्डर लावून दोन्हींतला फरक अभ्यासला. अशा रानात माणसेही असतात. मोह वेचायला, सरपणाला आलेल्या बायकांचे बोलणे यंत्रात साठते. त्यामुळे यंत्र कुठे बांधले आहे हे गावाला सांगणे आणि नको असलेली संभाषणे पुसणे, हा कामाचाच भाग मानायला हवा.

ध्वनिफितीची चिठ्ठीही खोटी असू शकते. तारीख-वेळ यंत्र नोंदवते, पण जागा पुष्कळदा माणूसच लिहितो. फरक असा, की हाकेच्या मागे त्या रानातले सातभाई, किडे, वारा, दूरची वाहने हेही मुद्रित झालेले असते. मांडवीची लबाडी उघडी पडली ती कातडे संग्रहालयात शाबूत होते म्हणून. तेव्हा संगणकाने काढलेली नावांची यादी ठेवून मूळ फायली पुसून टाकण्याचा मोह आवरायला हवा. उद्या कोणी यादीवर शंका घेतली, तर तपासायला मूळ आवाजच लागेल.