आवाज न फुटणारं रडू

आष्टी म्हटलं की बहुतेकांना बीड जिल्ह्यातली आठवते. ही जालन्याची, परतूर तालुक्यातली. इथं दिवस भरण्याआधी बाळंतपण झालं आणि बाळाला श्वास जमेना, तर परतूरमार्गे जालना गाठायचं; व्हेंटिलेटर लांबला तर पुढे संभाजीनगरची घाटी. घरी निरोप एवढाच येतो: बाळाला काचेत ठेवलंय. काचेत काय चालतं, ते सहसा कुणी उलगडून सांगत नाही.

तिथं रात्रंदिवस चालणारं एक काम म्हणजे सक्शन. श्वासनलिकेत घातलेली नळी आतून जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची. बाळाला खोकून कफ टाकता येत नाही, आणि चिकट कफाची एक गुठळी अडकली तरी श्वास कोंडतो. म्हणून सिस्टर त्या नळीतून आणखी बारीक नळी सरकवून कफ ओढून घेतात. काम काही सेकंदांचंच. पण तेवढ्यात ऑक्सिजन उतरू शकतो, ठोके मंदावू शकतात, आणि बाळाला दुखतं. रडू मात्र ऐकू येत नाही, कारण नळी स्वरयंत्रातूनच गेलेली असते. कपाळावरच्या आठ्या, गच्च मिटलेले डोळे, फाकलेली बोटं यांवरून ओळखायचं. फार अशक्त बाळ तेवढंही करत नाही. नुसतं ढिलं पडतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, शांत आहे!

तान्ह्या बाळाला वेदना कळत नाहीत, असं १९८० च्या दशकापर्यंत अनेक डॉक्टरही मानत. पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की नीट भूल दिली तर अपुऱ्या दिवसांच्या बाळावर शस्त्रक्रियेचा ताण कमी येतो, नंतरची गुंतागुंतही घटते. पण शस्त्रक्रिया एखादी, सक्शन मात्र पुन्हा पुन्हा. पॅरिस परिसरातल्या ४३० बाळांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दुखणाऱ्या कृतींपैकी निम्म्याहून अधिक म्हणजे नाकातलं किंवा श्वासनलिकेतलं सक्शनच होतं.

सक्शन टाळता येत नाही. कमी करता येतं. घड्याळ लावून नव्हे, तर कफ साठल्याची चिन्हं दिसली तरच ते करावं, आणि आतली नळी बाहेरच्या नळीच्या टोकापुढे जाऊ देऊ नये. दरवेळी मॉर्फिन देणं परवडणारं नाही, कारण त्याने श्वासच मंदावतो. मग उरतो हातांचा उपाय. एकजण सक्शन करत असताना दुसऱ्याने एक तळवा बाळाच्या डोक्यावर ठेवायचा, दुसऱ्या तळव्याने पाय पोटाशी दुमडून धरायचे, जसं ते पोटात होतं तसं. फिनलंडमधल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे हात आईवडिलांचे होते. बाळं मोजकीच, वीस. पण सक्शनच्या वेळी त्यांच्या वेदनेची लक्षणं कमी दिसली.

हा दुसरा माणूस आणायचा कुठून, हीच सरकारी कक्षातली खरी अडचण. एका सिस्टरकडे कितीतरी बाळं. दाराबाहेर मात्र नातेवाईक ताटकळत असतात. आई-वडिलांना हात धुऊन, गाऊन घालून बाळाच्या काळजीत सामील करून घ्यावं, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्येच काढली आहेत. आई अजून बाळंतपणाच्या दवाखान्यात असेल, तर वडिलांचे हातही चालतात. सक्शनच्या वेळी मला हाक मारा, एवढं सिस्टरांना सांगून ठेवायला हरकत नाही.